नसलेला हंगाम

गेल्या काही वर्षांत शहरातल्या तरुण मंडळींना रानात सायकल चालवण्याचा छंद जडला आहे. रविवारी पहाटेच्या लोकलने आसनगावला उतरायचे, नाहीतर गाडीच्या टपावर सायकली बांधून शहापूर गाठायचे, नाक्यावर चहा घ्यायचा आणि शेणव्याच्या रस्त्याला लागायचे. तिथून कोणी डोळखांबमार्गे आजोबाच्या डोंगराच्या पायथ्याकडे जातो, तर कोणी किन्हवलीवरून सरळगाव-मुरबाडकडे. डांबरी रस्त्याचा कंटाळा आला, की ही मंडळी बैलगाडीच्या चाकोरीने किंवा पायवाटेने रानात शिरतात. जाड टायरांची, गिअरची, धक्के सोसणारी महागडी सायकल त्यासाठीच तर घेतलेली असते.

छंद चांगला आहे. घाम गाळणारा आहे आणि पडद्यासमोर बसलेल्या पिढीला मातीच्या वाटेवर आणणारा आहे. त्यामुळे या लेखात त्याविरुद्ध कुरकुर नाही. पण अशा मुलांचे आई-वडील एक प्रश्न हमखास विचारतात, 'त्या बाजूला बिबट्या आहे म्हणे, खरे का?'

बिबट्या आहे, हे खरेच. २००९ साली नगर जिल्ह्यात विहिरीत सापडलेला एक बिबट्या माळशेज घाटात सोडण्यात आला होता. विद्या अत्रेय यांनी त्याच्या गळ्यात पट्टा बांधला होता आणि त्याचे नाव आजोबा ठेवले होते. हा आजोबा सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. वाटेत त्याने वस्त्या, शेते, हमरस्ते, रेल्वे असे सारे काही ओलांडले आणि कोणालाही इजा केली नाही. २०११ साली त्याला मरण आले, तेही एका वाहनाच्या धडकेने. त्याच्यावर पुढे मराठी चित्रपटही निघाला. सांगायचे ते इतकेच, की या रानात दिवसाउजेडी सायकल चालवणाऱ्याने बिबट्याची फार धास्ती घेण्याचे कारण नाही. धास्ती घ्यायचीच असेल तर ती माणसाच्या हातातल्या बंदुकीची घ्यावी. तिच्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही.

न विचारण्याचे कारण सरळ आहे. आपल्याकडे शिकारच नाही, अशी आपली समजूत आहे. कागदावर ती बरोबरही आहे. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली आला. १९९१च्या दुरुस्तीने परवाना घेऊन शिकार करण्याचा उरलासुरला मार्गही बंद झाला. पिकाची नासधूस करणाऱ्या रानडुकराला आणि रोहीला मारण्याची मुभा राज्य शासनाने २०१५ साली दिली, पण तीही वनखात्याकडे रीतसर अर्ज करून आणि पिकाच्या रक्षणापुरती. रानात हौसेने किंवा मांसासाठी शिकार करण्याची परवानगी आज कोणालाही नाही. साहजिकच आपल्या पंचांगात शिकारीचा हंगामही नाही.

जिथे हंगाम आहे, तिथली रीत पाहण्यासारखी आहे. अमेरिकेत किंवा युरोपात ज्यांची मुले आहेत, त्यांनी शरद ऋतूत तिथल्या रानाच्या तोंडाशी लावलेल्या सूचना पाहिल्या असतील. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या प्राण्याची शिकार चालेल, हे तिथे आधीच जाहीर होते. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत बंदुकीने हरणाची शिकार करणाऱ्याला भडक नारिंगी कपडे घालावे लागतात. हरणाच्या डोळ्यांना तो रंग भडक दिसत नाही, माणसाच्या डोळ्यांत मात्र भरतो. फिरायला जाणारे आणि सायकल चालवणारेही त्या दिवसांत अंगावर नारिंगी काहीतरी घालतात आणि कुत्र्याच्या गळ्यातही नारिंगी फडके बांधतात.

एवढे करूनही अपघात होतातच. फ्रान्समध्ये आल्प्सच्या डोंगरात मोंत्रियों गावाजवळ ऑक्टोबर २०१८मध्ये एक ३४ वर्षांचा ब्रिटिश माणूस सायकल चालवताना शिकाऱ्याची गोळी लागून मेला. बातम्यांनुसार त्याच्या अंगावर भडक रंगाचे कपडे होते आणि डोक्यावर हेल्मेट होते. अमेरिकेतल्या मेन राज्यात नोव्हेंबर १९८८मध्ये एक बाई आपल्याच घराच्या परसात उभी असताना मारली गेली. तिच्या हातात पांढरे मोजे होते आणि शिकाऱ्याला ते हरणाच्या शेपटीसारखे वाटले. तो शिकारी खटल्यातून निर्दोष सुटला. पण त्या मरणाने राज्यभर खळबळ माजली आणि पुढे १९९१ साली मेनमध्ये कायदा झाला, की नेम धरलेली वस्तू नेमकी काय आहे हे ओळखल्याशिवाय गोळी झाडणे हाच गुन्हा. म्हणजे त्या समाजाने एक चूक नोंदवली, तिच्यावर भांडण केले आणि त्यातून एक नियम काढला. हे शक्य झाले, कारण तिथे शिकार उघड चालते.

आपल्याकडे शिकार चालत नाही असे नाही, ती उघड चालत नाही एवढेच. कागदावर नसलेला हंगाम रानात मात्र आहे आणि गावातल्या पोरासोरांनाही तो ठाऊक असतो. त्याचा पहिला भाग भात पिकू लागल्यावर, आश्विन-कार्तिकात येतो. रानडुकरे रात्री खाचरांत उतरतात आणि त्यांच्या मागावर माणसे. दुसरा भाग थंडी सरता सरता सुरू होतो तो शिमग्यापर्यंत आणि त्याही पुढे. तेव्हा सागाची पाने गळून रान उघडे पडते, पाणी थोड्याच डबक्यांत उरते आणि जनावर कुठे येणार हे सांगता येते. शिमग्याच्या आसपास पारधीला जाण्याची प्रथा कोकणपट्टीत जुनी आहे. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी या समाजांची पिढ्यान्‌पिढ्या या रानावर गुजराण झाली आहे. त्यांच्यावर सगळे खापर फोडणे मात्र अन्यायाचे होईल, कारण आज मोटारीतून येऊन ससा-भेकराची हौस भागवणारे शहरी महाभागही आहेत आणि रानडुकराच्या मांसाला गिऱ्हाईकही आहे.

या चोरट्या शिकारीचा धोका कसा असतो, ते पालघर तालुक्यातल्या एका घटनेवरून कळते. जानेवारी २०२५च्या अखेरीस मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात काही गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले होते. झाडीत हालचाल जाणवली, जनावर समजून एकाने गोळी झाडली आणि ती त्यांच्याच एका सोबत्याला लागली. तो मेला. घाबरलेल्या मंडळींनी पोलिसांना कळवण्याऐवजी मृतदेह झुडपांत लपवला. काही दिवसांनी प्रकरण उघडकीला आले आणि अटका झाल्या.

यातली गोळी जितकी भयंकर आहे, तितकेच त्या नंतरचे मौन भयंकर आहे. शिकार गुन्हा, बंदूक बेकायदा, मग जखमी माणूसही लपवण्याची वस्तू होतो. उद्या त्या झाडीत सोबत्याऐवजी एखादा परका सायकलवाला असेल, तर त्याला उचलून दवाखान्यात नेण्याची हिंमत किती जण करतील? माणसे दुष्ट असतात म्हणून नव्हे, भेदरलेली असतात म्हणून मी हा प्रश्न विचारतो आहे.

त्यांच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत. बँकेच्या नोकरीत काही वर्षे मी ग्रामीण शाखेत पीककर्जाचे कागद पाहत असे. कागदावर एकरी उत्पन्नाचा अंदाज असे आणि परतफेडीची तारीख असे. लोंबीत दाणा भरल्यावर एका रात्रीत डुकरांचा कळप किती खाचर लोळवतो, याचा मात्र रकाना नसे. माळ्यावर बसून डबा वाजवत, शेकोटी पेटवून रात्री काढणारा शेतकरी सकाळी शाखेत येई तेव्हा त्याचे डोळे लाल असत. नुकसानभरपाई सरकार देते, पण त्यासाठी अर्ज, पंचनामा, सातबारा आणि वाट पाहणे आले. अशा माणसाच्या हातात ठासणीची बंदूक किंवा विजेची तार का येते, हे शहापूर-मुरबाडच्या भातशेतीकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. कळले म्हणून ते क्षम्य ठरत नाही. पण पोलिसांचा छापा एवढेच त्याचे उत्तर नाही, हे तरी ध्यानात येते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. अशा रानात ज्याला सायकल चालवायची आहे, त्याने काय करावे? परदेशी पुस्तकातला सल्ला नारिंगी जाकीट घालण्याचा. तो उचलून आपल्याकडे लावला तर फसगत होईल. फाल्गुनात पळस फुललेला असतो आणि सगळे रान वाळक्या पानांनी तांबूस-पिवळे झालेले असते, त्यात नारिंगी रंग तिथल्या हिरव्या पाइनच्या रानात दिसतो तसा उठून दिसेलच असे नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपली चोरटी शिकार बहुतेक रात्रीची आणि बॅटरीच्या उजेडातली असते. शिकारी रंग पाहत नाही. झोतात चमकणारे डोळे पाहतो आणि पाचोळ्यातली खसखस ऐकतो. सायकलला मागेपुढे लावलेल्या चमकपट्ट्या त्याच झोतात कशा दिसतील, याचा विचार ज्याचा त्याने करावा. गुपचूप, बिनआवाज, पाचोळा तुडवत येणारी सायकल ही अंधारात जनावरासारखीच भासणार.

म्हणून पहिला आणि सर्वांत मोठा नियम वेळेचा. सूर्य चांगला वर आल्यावर रानात शिरावे आणि मावळायच्या पुरेसे आधी डांबरी रस्त्याला लागावे. चांदण्यात सायकल चालवण्याची हौस असेल तर ती हमरस्त्यावर भागवावी. पंक्चर झाले, चेन तुटली, वाट चुकली, यांत दोन तास सहज जातात, ते हिशेबात धरूनच निघावे. थंडीच्या दिवसांत सहा वाजता अंधारून येते, हे शहरातल्या दिव्यांखाली राहणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही.

दुसरा नियम आवाजाचा. रानात शांतता पाळावी असे आपल्याला शिकवलेले आहे, आणि एरवी ते योग्यच आहे. पण या दिवसांत झाडी दाट असलेल्या वळणावर घंटी वाजवावी, आपसात बोलत जावे, गळ्यात शिट्टी असावी. एकट्याने जाऊ नये. पुढे एकदम कुत्र्यांचा गलका आणि माणसांचे हाकारे ऐकू आले तर समजावे, की रान उठवणे चालू आहे. हाक्यात एका बाजूने जनावर हुसकतात आणि दुसऱ्या बाजूला बंदुकवाले दबा धरून बसतात. आपण नेमके कोणत्या बाजूला आहोत हे आपल्याला कळत नाही. कुतूहलाने पुढे जाऊ नये. थांबावे, मोठ्याने ओरडून आपण माणूस आहोत हे कळवावे आणि आल्या वाटेने परत फिरावे. फोटो काढण्याच्या भानगडीत तर मुळीच पडू नये.

तिसरा नियम वाटेचा. जी वाट माणसांच्या आणि गुरांच्या रोजच्या राबत्याची आहे, तीच धरावी. आडवाटेला, ओहोळाच्या काठाने, पाणवठ्याशी फासे असतात. हे फासे बहुतेक मोटारसायकलच्या क्लचच्या किंवा सायकलच्या ब्रेकच्या तारेचे असतात. आपल्याच वाहनाची तार, पण चाकात अडकली तर माणूस तोंडावर आपटतो. शेताच्या बांधाजवळ जमिनीलगत ओढलेली तार दिसली तर ती ओलांडू नये, हात तर लावूच नये. तिच्यात चोरून सोडलेली वीज असू शकते आणि अशा तारांनी राज्यात माणसेही मेली आहेत. वाटेत पिठाचा किंवा चरबीचा गोळा पडलेला दिसला, तर तो पायानेही उडवू नये. डुकरासाठी ठेवलेला गावठी बॉम्ब असाच दिसतो. अभयारण्यात तर परवानगीशिवाय शिरूच नये. आग्रा रोडच्या पलीकडचे तानसा अभयारण्य १९७० साली जाहीर झालेले आहे आणि तिथे वनखात्याची परवानगी लागते. राखीव वनातही मनाला येईल तिथे चाक घालण्याचा हक्क आपल्याला नाही.

आणि चौथा नियम, जो मला सर्वांत मोलाचा वाटतो, तो विचारण्याचा. रानात शिरण्याआधी शेवटच्या गावात थांबावे, चहा घ्यावा, कुठे जाणार ते सांगावे आणि कोणती वाट बरी, ते विचारावे. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, अशी म्हण आहे. पण लहान गावात त्या सगळ्यांनाच ठाऊक असतात. 'त्या अंगाला आज नको जाऊ' एवढेच एखादी म्हातारी सांगेल आणि कारण सांगणार नाही. कारण विचारू नये, वाट बदलावी. त्या एका वाक्यात सगळी सूचना आली. पोलीस पाटलाला किंवा टपरीवाल्याला आपला फोन नंबर आणि परतण्याची वेळ सांगून ठेवावी, कारण पुढच्या खोऱ्यांत मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. गोळीचा आवाज आला, फासा दिसला, तर बाहेर पडल्यावर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. कोणी जखमी असेल तर रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, हेही ध्यानात ठेवावे.

आता कोणी म्हणेल, एवढे सगळे सांभाळण्यापेक्षा मुलांना तिकडे पाठवूच नये. हा सल्ला शहराच्या सोयीचा आहे. सायकलवाला महिन्यातून एकदा येतो आणि दुपारी परत जातो. त्या वाटेवर रोज चालणारी माणसे वेगळी आहेत. सरपणाची मोळी आणणारी बाई, शेळ्यांमागचा पोरगा, पहाटेच्या अंधारात मोहाची फुले वेचायला जाणारे कुटुंब, पाड्यावरून शाळेला निघालेल्या मुली. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट नाही, अंगावर भडक जाकीट नाही आणि त्यांना 'जाऊ नका' म्हणण्याची सोय नाही. मोहाची फुले वेचणारा माणूस तर वाकलेला असतो, पाचोळ्यात असतो आणि अंधारात असतो. नेमके जनावरासारखे दिसायला आणखी काय हवे? वन्यप्राण्याने माणूस मारला तर सरकारची भरपाईची योजना आहे. प्राणी समजून मारलेल्या माणसाला ती लागू होत नाही.

म्हणून मला वाटते, खरी गरज आहे ती हा नसलेला हंगाम मान्य करण्याची. बँकेतल्या माणसाला ही गोष्ट चटकन पटते. १९९१च्या नरसिंहम समितीपर्यंत बुडीत कर्जांवरसुद्धा व्याज जमा दाखवण्याची रीत सर्रास होती. खातेपुस्तक गुटगुटीत दिसे आणि रोग आत वाढत राही. १९९२-९३पासून बुडीताला बुडीत म्हणायचे नियम आले, तेव्हा ताळेबंद कुरूप दिसू लागले, पण उपाय तिथूनच सुरू झाला. रानातल्या शिकारीचे आपण नेमके उलटे करतो. कायद्यात बंदी आहे, म्हणून शिकार नाही असे धरतो. शिकार नाही म्हणून धोका नाही आणि धोका नाही म्हणून वाटेच्या तोंडाशी पाटी नाही. कारण पाटी लावणे म्हणजे बंदी मोडली जाते याची कबुली देणे, आणि ती देण्याची इच्छा कोणत्याच कचेरीला नसते.

ही कबुली द्यावी. शिकारीला परवानगी द्यावी असे मी सुचवत नाही. बंदी राहावी आणि कसून पाळली जावी. पण भात पिकण्याच्या आणि शिमग्याच्या दिवसांत वनखात्याने आणि ग्रामपंचायतींनी मिळून, कोणत्या बाजूला गस्त आहे, कोणत्या वाटा टाळाव्यात, हे गावाच्या वेशीवर लिहावे. गावोगावच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांना हे काम परके नाही. नुकसानीचा पंचनामा वेळेत व्हावा, म्हणजे बंदूक बाहेर काढण्याचे निदान एक कारण तरी कमी होईल. चुकून गोळी लागलेल्याला तातडीने दवाखान्यात आणणाऱ्याचे वागणे कायद्याने वेगळ्या नजरेने पाहावे, म्हणजे जखमीला झुडपात टाकून पळण्याची बुद्धी होणार नाही. आणि सायकलवाल्यांच्या मंडळांनी दर खेपेला गावातला एक तरुण वाटाड्या म्हणून पैसे देऊन सोबत घ्यावा. त्याने गाव श्रीमंत होणार नाही. पण रविवारी या वाटेने आपली माणसे आणि आपली पाहुणी मंडळी जाणार आहेत, हे त्या घरात शनिवारी रात्री माहीत असेल.

बंदूक उचलणारा हात थांबतो तो कलमांच्या धाकापेक्षा अशा माहितीने. पलीकडच्या झाडीत कोण असू शकते हे ज्याला ठाऊक आहे, तो खसखस ऐकून आधी हाक मारतो. त्या हाकेला 'ओ' देण्याएवढा वेळ मिळाला, तर सायकलवाला घरी पोहोचेल आणि मोळीवालीही.